फिरोजशहा मेहतांच्या वकिलीने मुंबईला पालिका दिली, पण महापौर रिकाम्या हातांचा ठेवला?
(चर्चाधागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शिरगणती
मुंबईच्या महापौराला मान आहे, पण कारभार चालवायचा अधिकार नाही. तो आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. याचा दोष आपण इंग्रजांवर टाकून मोकळे होतो. माझ्या मते त्यात पालिकेचा कायदा घडवणारे वकील-पुढारी फिरोजशहा मेहता यांचाही मोठा वाटा आहे.

1868 मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले तेव्हा मुंबईत 1865 चा कायदा चालू होता. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड आणि त्याच्यावर नजर ठेवायला सरकारनेच नेमलेले जस्टिसेस ऑफ द पीस (शहरातले मानद दंडाधिकारी). खर्च हाताबाहेर गेला, करदाते खवळले. आयुक्ताचे अधिकार काढून समितीकडे द्या, अशी मागणी जोरात होती. 1871 मध्ये मेहता त्याच्या उलट बोलले: दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे. कारभारी एकच असावा, तो सरकारनेच नेमावा, वचक मात्र लोकनियुक्त सभेचा आणि स्वतंत्र हिशेबतपासणीचा असावा. 1872 चा कायदा याच वळणाने गेला. दीडशे वर्षं आपण त्याच साच्यात आहोत.

भेंडीबाजार
तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. 1871 मध्ये निवडणूक हीच मोठी मागणी होती. 1872 च्या सभेत 64 सभासद: 32 करदात्यांनी निवडलेले, 16 जस्टिसांचे, 16 सरकारचे. एका फटक्यात निम्मी सभा निवडून आलेली! व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्यानंतर दहा वर्षांनी, 1882 मध्ये आला. समितीने कारभार केला तर चुकीचा जाब कोणाला विचारायचा, हा मेहतांचा प्रश्न होता आणि तो आजही खोडता येत नाही.

शिरगणती
ते 32 कोणी निवडले हेही सांगा. वर्षाला किमान 50 रुपये कर भरणाऱ्यांनी. चाळीतला भाडेकरू, गिरणीतला कामगार यादीतच नाही. सरसकट प्रौढ मतदानाने पालिकेची निवडणूक झाली ती 1948 मध्ये.

कलम चौसष्ट
दोघेही 1872 वरच अडकला आहात. खरं काम 1888 च्या कायद्यात आहे, आणि आजची मुंबई पालिका अजून त्याच कायद्यावर चालते.

तेव्हा मेहता मुंबई विधिमंडळात होते (1887 पासून) आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा दुसरा कायदेपंडितही तिथे होता. सरकारी मसुद्यात आयुक्ताचं पारडं जड होतं. या वकिलांनी कलमागणिक झगडून ते हलकं केलं. कलम 64 चा क्रम बघा. पहिल्या पोटकलमात शहराचं पालिका शासन महापालिकेकडे निहित. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, पण तो तिसऱ्या पोटकलमात आणि कायद्यात सांगितलेल्या मंजुऱ्यांच्या अधीन. वाद कोर्टात गेला की हा क्रमच कामाला येतो. कलम 61 मध्ये पालिकेची बंधनकारक कामं, कलम 63 मध्ये ऐच्छिक. पाणी, मलनिःसारण, सफाई बंधनकारक, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून ती टाळता येत नाहीत.

शिवाय आयुक्ताला परत पाठवायची तरतूद: एकूण सभासदांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव झाला तर सरकारने त्याला काढलंच पाहिजे. तेव्हाच्या 72 पैकी 45. आज 227 धरले तर 142. हे वकिली बारकाव्याशिवाय झालं नसतं.

शिरगणती
कागदावर. पाच अष्टमांशाची तीच तरतूद राज्यातल्या इतर महापालिकांच्या कायद्यातही आहे. 2016 मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध सभेने प्रचंड बहुमताने ठराव केला आणि राज्य सरकारने तो लागू होऊ दिला नाही. "काढलंच पाहिजे" हे शब्द असूनही. कारण तोच कायदा सरकारला ठराव निलंबित करायचा अधिकार देतो. ज्याची नेमणूक सरकार करतं त्याची निष्ठा सभेकडे कशी वळणार? एवढे मोठे वकील, पण ही फट त्यांना बुजवता आली नाही.

भेंडीबाजार
बुजवायची कशी? 1888 मध्ये विधिमंडळ गव्हर्नरच्या मुठीत होतं. 1892 च्या इंडियन कौन्सिल्स कायद्यानंतरही सभासदाला प्रश्न विचारता येई आणि अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. 1901 मध्ये जमीन महसूल कायद्यातली दुरुस्ती आली. महसूल थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क न देता परत द्यायची, असा तिचा गाभा. दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्याची पतच त्यात जात होती. मेहतांनी विधेयक पुढे ढकलून लोकमत घ्या म्हटलं, ते फेटाळलं गेलं, तेव्हा गोखले आणि इतर बिनसरकारी सभासदांसह ते सभागृहाबाहेर पडले. विधेयक मंजूर झालंच. हातात बहुमतच नसलेल्या माणसाकडून आणखी किती अपेक्षा करायची?

पाणीपट्टी
एक प्रसंग कोणी काढला नाही, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. 1907 मध्ये काही बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनी जस्टिसांच्या 16 जागांसाठी मेहतांविरुद्ध 16 जणांची फळी उभी केली. सगळे 16 निवडून आले, मेहता सतरावे. मग सोळाव्या उमेदवाराचं पालिकेशी कंत्राट निघालं, त्याची निवड रद्द झाली आणि मेहता सभेत परतले. कंत्राटात हितसंबंध असेल तर अपात्र, हा नियम नसता तर त्यांची पालिकेतली कारकीर्द तिथेच थांबली असती. तीच तरतूद 1888 च्या कायद्याच्या कलम 16 मध्ये अजून आहे.

त्याच वर्षी दुसरा निकालही लागला. पोलिसांवर काडीचा ताबा नसताना पालिका पोलीसखर्चाचा भार वाहत होती. 1907 च्या कायद्याने तो सरकारने उचलला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण, देवीची लस, रुग्णसेवा पालिकेकडे आली. मुंबई पालिकेच्या शाळा आणि दवाखाने इतके का, याचं एक उत्तर इथे आहे. वर्षानुवर्षं आकडे आणि कलमं घेऊन सरकारशी भांडणारा माणूस लागतो, भाषणबाज नाही.

शिरगणती
पोलीसखर्चाचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण रचनेवरचा आक्षेप कायम. 1898 मध्ये सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि रस्ते, वस्त्या पालिकेच्या हाताबाहेर नेल्या. ट्रस्टवर पालिका सभेचे चार प्रतिनिधी, बाकी वर्चस्व इतरांचं. तो 1933 मध्ये पालिकेत विलीन झाला, पण 1975 मध्ये एमएमआरडीए (राज्य सरकारचं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आलीच.

कलम चौसष्ट
मग बदल काय हवा ते नेमकं मांडा. 1998 मध्ये महापौर परिषद (कार्यकारी अधिकार महापौर आणि निवडक नगरसेवकांकडे) मुंबईत आणून पाहिली, वर्षभरात गुंडाळली. ती टिकवायची तर आयुक्ताची नेमणूक, बदली आणि गोपनीय अहवाल यांत सभेची संमती कायद्यात लिहावी लागेल. नुसता महापौर थेट निवडून उपयोग नाही.

शिरगणती
नेमणुकीला संमती, हे मला पटतं. पण आधी प्रशासक नेमायची तरतूद दुरुस्त करा. मार्च 2022 मध्ये सभेची मुदत संपल्यावर आयुक्तच प्रशासक झाला आणि मंजुरी मागणारा व देणारा एकच उरला. 1871 मध्ये मेहतांनी मागितलेला वचक त्या दिवशी पूर्ण गेला.