विषय: कॉन्सर्टा ३६ ची जेनेरिक गोळी, आणि सुट्टीत पुण्यात काय करायचं?

न्यू जर्सीहून
मंडळी, नमस्कार. मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) कॉन्सर्टा ३६ देतो. विम्यावाल्यांनी या ब्रँडचे पैसे देणं बंद केलंय. दुकानात आता मेथिलफेनिडेट (कॉन्सर्टातलं मूळ औषध) ईआर, म्हणजे हळूहळू सुटणारं, ३६ म्हणून वेगळीच गोळी मिळते आणि मुलावरचा असर दुपारी तीनलाच उतरतो. औषध तेच, मग असं का? शिवाय सुट्टीत दोन महिने पुण्यात आहोत. तिथे मिळेल?

फिलाडेल्फियाहून (फार्मसी)
ताई, औषध तेच, गोळीची बांधणी निराळी. मूळ गोळी म्हणजे छोटा पंपच. ३६ पैकी सुमारे ८ मिग्रॅ बाहेरच्या लेपात, ते आधी सुटतं. बाकीचं आत. पोटातलं पाणी आत शिरलं की एका टोकाचा थर फुगतो आणि दुसऱ्या टोकाला लेझरने पाडलेल्या भोकातून औषध ढकलतो. रिकामं कवच शौचातून अख्खं पडतं, घाबरू नका.

जेनेरिकमध्ये पंप असलाच पाहिजे असं बंधन नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मॅलिनक्रॉट आणि कुडको या कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांचं मानांकन एबीवरून बीएक्स केलं ते यामुळेच: काही जणांत सातव्या ते बाराव्या तासात औषध हळू पोचत होतं. एबी म्हणजे ब्रँडऐवजी परस्पर देता येते. बीएक्स म्हणजे विक्रीला परवानगी आहे, पण ब्रँडऐवजी परस्पर देण्याइतकी समानता सिद्ध नाही.

म्हणून सगळी जेनेरिक कमअस्सल, असं मात्र नाही. जेनेरिकचं रक्तात पोचणारं औषध ब्रँडच्या '८० ते १२५ टक्के' असावं हा नियम ऐकून लोक समजतात की औषध वीस टक्के कमी चालतं. तसं नसतं. सरासरीच नव्हे, तिची ९० टक्के विश्वासमर्यादा (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता धरतात तो पट्टा) पूर्ण त्या चौकटीत बसावी लागते. १९९६ ते २००७ मधल्या २०७० अभ्यासांत रक्तात पोचलेल्या एकूण औषधाचा सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

आधी बाटलीवरचा उत्पादक बघा आणि ऑरेंज बुकात (एफडीएची मंजूर औषधांची यादी) त्याचं मानांकन तपासा. गोळीवर 'अल्झा ३६' छापलं असेल तर ती मूळ बनावटीची. नसेल तर आठवडाभर असर कधी सुरू झाला, कधी उतरला ते लिहून डॉक्टरांना द्या. विम्याकडे अपवाद मागायला तोच कागद लागतो. गोळी तोडू नका, कुटूही नका.

पुण्याहून (मेडिकल स्टोअर)
हे औषध इथे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. त्याचा परवाना वेगळा, माल कुलपात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून उपयोग नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत आधी फोन करा. अमेरिकेची चिठ्ठी चालत नाही. इथल्या मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो.

इन्स्पिरल एसआर २० (इथली हळूहळू सुटणारी मेथिलफेनिडेटची गोळी) मिळाली तरी '२० आणि १६ मिळून ३६' असा हिशोब करू नका. कॉन्सर्टाच्या माहितीपत्रकानुसार साधी १० मिग्रॅ दिवसातून दोनदा-तीनदा घेणाऱ्याला कॉन्सर्टा ३६ देतात. उलट बदल डॉक्टरांनीच ठरवायचा.

त्यापेक्षा तिकडूनच आणा: मूळ बाटलीत, चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या पत्रासह. एनडीपीएस, म्हणजे भारतातल्या अमली आणि मनःप्रभावी पदार्थांच्या नियमांत स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांची (इथे गोळ्यांची) मर्यादा आहे. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर ३००. साठ दिवसांच्या साठ गोळ्या त्यात आरामात बसतात.

न्यू जर्सीहून
आभार, काका. पण इथे महिन्याच्या वर देत नाहीत.

फिलाडेल्फियाहून
इथे हे शेड्यूल टू (कडक नियंत्रणाचं औषध) असल्याने रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, नसतं, पण डॉक्टर पुढच्या ठरावीक तारखांनंतर भरायच्या वेगळ्या चिठ्ठ्या एकदम देऊ शकतात, एकूण ९० दिवसांपर्यंत. लवकर भरून मिळेल का, ते विम्याच्या 'व्हेकेशन ओव्हरराइड'वर (प्रवासासाठी औषध लवकर द्यायची सवलत) आणि राज्याच्या नियमांवर ठरतं. निघण्याच्या महिनाभर आधी विचारा.