ओव्हन नसताना ओट्सचा खारा पाव: तुमचे अनुभव लिहा

दर्यापूरकडचं एक खेडं
आमच्या गावात ओव्हन कोणाकडेच नाही, पण ओट्सची पाकिटं किराणा दुकानात मिळू लागली आहेत. सासऱ्यांना चहासोबत काहीतरी तिखटमिठाचं लागतं आणि रोज मैद्याचा पाव त्यांना द्यायचा नाही, म्हणून मी बिडाच्या खोलगट तव्यात हा पाव करते. २ वाट्या ओट्सचं पीठ (मिक्सरमधूनच काढते), १ वाटी कणीक, अर्धा चमचा खायचा सोडा, मीठ, ओवा, तीळ, हिरवी मिरची, मूठभर सांबार (कोथिंबीर) आणि साधारण दीड वाटी आंबट ताक. तवा तापवून तेल सोडायचं, मिश्रण ओतायचं, झाकण ठेवून बारीक गॅसवर अर्धा तास. खालून छान खरपूस होतो, वरून मात्र पांढराच राहतो. वरची आच तुम्ही कशी देता? पीठ, तवा, चूल, सगळं लिहा.

आर्वी तालुका
रोडगे करणाऱ्या घरात वरच्या आचेचं नवल नाही. चुलीवर तवा ठेवला की खालची लाकडं ओढून घेते, तव्यावर लोखंडी झाकण घालते आणि निखारे त्या झाकणावर पसरते. खाली थोडे, वर जास्त. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) निखारे लगेच राख होतात, बाभळीचे टिकतात. या पावाला बाभूळच हवी. आणि ताक अगदी शेवटी. सोडा आंबट ताकाला लागला की फसफसायला लागतो. विस्तव तयार नसेल तर ती सगळी हवा भांड्यातच निघून जाते आणि पाव बसका होतो.

अकोट
मी तं सरळ पालटवतो. बिडाचा तवा जड असते, तो उचलायच्या भानगडीत पडू नका. वरचा भाग हाताले चिकटेनासा झाला की पाव ताटात सरकवायचा, अन् ताट तव्यावर उपडं करायचं. दोन्हीकडून लाल होते.

साकोली
माझ्या मुलीला सीलिएक आहे, गहू अजिबात चालत नाही, त्यामुळे कणीक वगळून करते. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ ताणलं जात नाही आणि पाव भुरभुरतो. त्यावर उपाय इसबगोल: २ चमचे ताकात भिजवायचं, घट्ट झालं की पिठात मिसळायचं. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, मध्ये कच्चा राहतो. घरात असा आजार असेल त्यांना कळकळीने सांगते, साधे ओट्स घेऊ नका. शेतात, गिरणीत त्यांच्यात गहू मिसळलेला असू शकतो. पाकिटावर ग्लुटेन-मुक्त लिहिलेलं पाहा आणि तेही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, कारण काही सीलिएक रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

दारव्हा
पाव तव्याला चिकटत असेल तर तवा जवसाच्या तेलाने तयार करा. कोरड्या तव्याला अगदी पातळ हात फिरवायचा, पुसून घ्यायचा, मग धूर येईपर्यंत तापवायचा. असं काही वेळा केलं की काळा गुळगुळीत थर बसतो. अंगणात करा, धूर फार होतो. मिश्रण स्टीलच्या भांड्यातच भिजवा. आंबट ताक लोखंडात राहिलं तर थरही जातो आणि चवही बिघडते.

मेहकर
गॅसवाल्यांसाठी: शेजारच्या शेगडीवर दुसरा तवा कडक तापवा आणि शेवटची दहा मिनिटं झाकणाऐवजी तो उपडा ठेवा. तवा पावाला टेकू देऊ नका.

मूल
गरम असताना कापू नका. आत चिकट लागतो आणि माणसाला वाटतं कच्चा राहिला. निवल्यावर तोच पाव नीट कापला जातो.

वणी
उरलेल्याचंही लिहिते. दुसऱ्या दिवशी काप करून तिळाच्या तेलावर तव्यात भाजते आणि वर जवसाची चटणी. आमच्याकडे पोट्टे ताज्या पावापेक्षा हेच मागतात.