लंडनचा अग्निस्तंभ : वर न चढताही पाहण्यासारखा आहे का?

पांथस्थ : पुढील महिन्यात आईसोबत लंडनला जाणार आहे. १६६६ च्या भीषण आगीच्या स्मरणार्थ उभारलेला 'द मॉन्युमेंट' हा स्तंभ पाहण्याची इच्छा आहे. परंतु आत लिफ्ट नसून ३११ पायऱ्या चढाव्या लागतात, असे कळले. आईचे गुडघे दुखतात. केवळ खालून पाहायचा असल्यास तिथवर जाण्यात अर्थ आहे का?

दगडफूल : माझ्या मते या स्तंभाचे खरे मोल पायथ्याशीच आहे. पश्चिम बाजूला केयस गॅब्रिएल सिबर याने कोरलेले शिल्प निवांत पाहा. भग्नावशेषांवर खचून बसलेली स्त्री म्हणजे लंडन. तिला काळपुरुष सावरून उठवतो आहे आणि समोर रोमन वेशातला राजा दुसरा चार्ल्स पुनर्बांधणीची आज्ञा देतो आहे. (राजाची खुशामत यात भरपूर आहे, तरी शिल्प उत्तम आहे.) उरलेल्या तीन बाजूंवर लॅटिन लेख आहेत, त्यांचा अनुवाद आधी वाचून जावा. उत्तरेकडील लेखात आगीची हकिकत आहे. त्याच्या शेवटी १६८१ मध्ये आगीचा दोष कॅथलिकांवर ढकलणारी एक ओळ वाढवण्यात आली आणि ती १८३० मध्ये कायमची खोडली गेली. वास्तविक आग पुडिंग लेनमधील थॉमस फॅरिनर या बेकरीवाल्याकडे लागली होती. परंतु घाबरलेल्या शहराला परका गुन्हेगार हवा होता आणि खोटा कबुलीजबाब देणाऱ्या रॉबर्ट ह्यूबर्ट या फ्रेंच घड्याळजीला फाशीही देण्यात आली. आईंना हे सारे चौथऱ्याभोवती सावकाश फिरत दाखवता येईल.

वक्रभिंग : दगडफूल यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण स्तंभाचा पोकळ गाभा आत गेल्याशिवाय कळत नाही. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांनी १६७१ ते १६७७ या काळात बांधून घेतलेली ही वास्तू स्मारक तर होतीच, शिवाय तिचा प्रयोगशाळा म्हणूनही उपयोग व्हावा, अशी त्यांची योजना होती. तळघरातून थेट डोक्यावरचे आकाश न्याहाळणारी दुर्बीण म्हणून स्तंभ वापरायचा होता. मात्र रस्त्यावरच्या वाहतुकीच्या हादऱ्यांमुळे तो बेत फसला. उंची २०२ फूट, आणि बेकरीत आग लागली ते ठिकाणही पायथ्यापासून तितक्याच अंतरावर. तुम्ही एकटे वर जाऊन यावे आणि आईंनी तोवर खाली थांबावे. जिना अरुंद व गोल असून चढणारे आणि उतरणारे दोघेही तोच वापरतात, त्यामुळे शक्यतो सकाळी लवकर जावे. वरच्या सज्जाला जाळी आहे; पूर्वी तिथून लोकांनी उड्या मारून जीव दिले, म्हणून ती एकोणिसाव्या शतकात बसवली गेली. उंच इमारतींनी दृश्य बरेच अडवले असले, तरी टॉवर ब्रिज दिसतो.

दगडफूल : जिन्याबाबतची दुरुस्ती मान्य. वेळ उरल्यास स्मिथफील्डजवळ पाय कॉर्नरच्या सोनेरी बालकाचा छोटा पुतळाही पाहावा. आग जिथे थांबली, ती जागा तो दाखवतो, आणि त्याखालचा लेख आगीचे खापर चक्क शहराच्या खादाडपणावर फोडतो!

पांथस्थ : दोघांचेही आभार. आई चौथऱ्याजवळ शिल्प पाहत थांबेल आणि मी वर जाऊन येईन. सोनेरी बालकाकडे मात्र टॅक्सीनेच जाऊ.