ग्योर्लिट्झ (जर्मनी-पोलंड सीमा): आईबाबांना घेऊन शनिवार-रविवारी काय काय बघावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,
आम्ही ड्रेस्डेनला राहतो. सप्टेंबरमध्ये आईबाबा इचलकरंजीहून येत आहेत. बर्लिन, प्राग ही नेहमीची ठिकाणं ठरली आहेतच, पण एक शनिवार-रविवार नाइसे नदीकाठच्या ग्योर्लिट्झला काढायचा विचार आहे. बाबांची सगळी हयात सूत आणि यंत्रमागात गेली. जुन्या इमारती आणि बाजारपेठांचा इतिहास हा त्यांचा आवडीचा विषय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मनोऱ्यांचे जिने नकोत. दोघंही पक्के शाकाहारी आहेत. पूल ओलांडून पोलंडमध्ये पाऊल टाकायची बाबांची फार इच्छा आहे. काय चुकवू नये आणि काय सोडलं तरी चालेल, सांगाल का?

पाणवठा

अगदी योग्य गाव निवडलंत. दुसऱ्या महायुद्धात ग्योर्लिट्झवर जवळजवळ बॉम्ब पडलेच नाहीत, म्हणून गॉथिक, रेनेसाँस, बरोक असं सगळं एका चालीत बघायला मिळतं. संरक्षित वास्तू ४,००० च्या आसपास आहेत. यादी घेऊन पळत सुटू नका, उंटरमार्क्ट या चौकात निवांत वेळ घालवा.

बाबांना पहिल्यांदा तिथली व्यापाऱ्यांची घरं दाखवा. हे गाव 'विया रेगिया' या जुन्या व्यापारी मार्गावर वसलं आणि कापडावर श्रीमंत झालं. त्या घरांत आत शिरलं की मधोमध उंच दालन लागतं, वर कमानींचं छत आणि भोवती जिने-सज्जे, आपल्या वाड्याच्या चौकावर छप्पर घातल्यासारखं. माल तिथेच उतरायचा, सौदाही तिथेच व्हायचा. कापड रंगवायच्या निळ्या रंगाचाही इथे मोठा व्यापार होता. तो रंग 'वाइड' नावाच्या झाडपाल्यापासून काढत, आणि पुढे युरोपात त्याची सद्दी संपवली ती हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीनं! चर्चशेजारी वाइडहाउस नावाची जुनी इमारत अजून उभी आहे.

चौकातच श्योनहोफ आहे, १५२६ सालचं. जर्मनीतलं सर्वांत जुनं रेनेसाँस शैलीतलं नागरी घर म्हणून ते ओळखलं जातं, आत सायलेशिया या जुन्या प्रांताचं संग्रहालय आहे. टाउन हॉलच्या मनोऱ्यावर दोन घड्याळं आहेत. खालच्या घड्याळातल्या मुखवट्याकडे लक्ष ठेवा, दर मिनिटाला त्याचा जबडा खाली पडतो. आणि २२ नंबरच्या घराची दगडी कमान शोधा. कमानीच्या एका टोकाला दगडाशी तोंड नेऊन कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कान लावलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, करूनच बघा.

तिथून पेटर्सकिर्शे हे चर्च अगदी जवळ. त्यातला ऑर्गन १७०३ साली कास्पारिनी यांनी पूर्ण केला. दर्शनी भागावर नळ्यांनी बनलेले सूर्य आहेत, म्हणून त्याला सूर्य-ऑर्गन म्हणतात. मूळची कोरीव चौकट तशीच ठेवून आतलं वाद्य नंतर नव्यानं बसवलंय. ठरावीक दिवशी दुपारी छोटं वादन असतं. वेळ बघूनच जा, नुसता बघून परतू नका.

मधुमालती

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण हायलिगेस ग्राब राहिलंच की! माझ्या मते ग्योर्लिट्झमध्ये एकच जागा बघायची असेल तर हीच. गेओर्ग एमरिख हा इथला श्रीमंत व्यापारी १४६५ मध्ये जेरुसलेमला जाऊन आला. त्यानंतर येशूच्या समाधिस्थानाची प्रतिकृती इथे उभारली गेली, काम १५०४ पर्यंत चाललं. विशेष म्हणजे जेरुसलेमची मूळ वास्तू १८०८ च्या आगीनंतर बदलली, त्यामुळे तिचं मध्ययुगातलं रूप कसं होतं ते इथे कळतं. दुमजली चॅपलमध्ये खालच्या भिंतीत मुद्दाम घडवलेली एक भेग आहे. येशूच्या मृत्यूसमयी खडक दुभंगला, त्याची ती खूण. भोवती हिरवळ आहे, शांतता आहे, आईंना बसायलाही बरं. वरच्या मजल्याला जिना आहे, तो त्यांनी नाही चढला तरी चालेल.

ओबरमार्क्ट या दुसऱ्या चौकात मात्र फार वेळ घालवू नका. रायशेनबाखर टॉवर बाहेरून बघा आणि पुढे चला.

रूळावरून

थोडं व्यवहाराचं बोलतो. ड्रेस्डेनहून प्रादेशिक गाडीनं दीड तासाच्या आसपास लागतो, डॉइचलांडटिकेट (देशभर चालणारा मासिक पास) चालतं. स्टेशनातून डेमियानीप्लाट्झपर्यंत ट्राम घ्या, आईंची तेवढी चाल वाचेल. जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, जाड तळव्यांचे बूट हवेतच. उंटरमार्क्टवरून नदीकडे जाताना नाइसश्ट्रासेनं उतरावं लागतं. उतार फार नाही, पण परत येताना तोच चढ होतो, मध्ये कॉफीला थांबा.

पलीकडे जाताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, पण हल्ली सीमेवर तपासणी होते.

पाणवठा

पुलाबद्दल मीच लिहायला हवं होतं. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, ७ मे १९४५ ला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं नाइसेवरचे पूल उडवले. मग नदीच सीमा झाली आणि पूर्वेचा भाग झ्गोझेलेत्स नावानं पोलंडमध्ये गेला. जुन्या गावाचा पादचारी पूल पुन्हा उभा राहायला २००४ साल उजाडलं. एकाच गावाचे दोन तुकडे जवळजवळ साठ वर्षं या जागी तुटलेले होते. बाबांना हे पुलावर उभं राहून सांगा. पाण्याकडे बघताना त्याचा अर्थ वेगळाच पोचतो.

पलीकडे गेल्यावर लगेच मागे वळू नका. पेटर्सकिर्शेचा सर्वांत चांगला फोटो पोलंडच्या काठावरूनच मिळतो, सकाळी ऊन चर्चच्या नदीकडच्या बाजूवर असताना. चांभारकाम करणारा तत्त्वचिंतक याकोब ब्योमे जिथे राहिला ते घरही त्याच काठावर, पुलापासून दोन मिनिटांवर आहे. त्याची समाधी अलीकडे निकोलाई कबरस्तानात आहे.

मधुमालती

बाबांना आवडेल अशी अजून एक गोष्ट. १५ अंश पूर्व रेखावृत्त याच गावातून जातं, शहर उद्यानात त्याची दगडी खूण आहे. मध्य युरोपची प्रमाणवेळ या रेखावृत्तावर बेतलेली आहे, आपली ८२.५ अंशांवर. मधलं अंतर ६७.५ अंशांचं, म्हणून साडेचार तासांचा फरक. सप्टेंबरमध्ये उन्हाळी वेळेमुळे तो साडेतीन तासांचा असेल.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! निळीचं वाचून बाबा फोनवरच खूश झाले. दोन शंका राहिल्या: जेवणाचं काय, आणि रविवारी पाऊस आला तर?

रूळावरून

पोलिश काठावर पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) मिळतात. त्यातला 'रुस्किए' प्रकार बटाटा आणि पनीरसारख्या चीजचा असतो. मागवताना 'वरून बेकन नको' हे आवर्जून सांगा, बऱ्याचदा परतलेले तुकडे वर घालून देतात. कार्ड चालतं, तरी थोडे झ्लोटी (पोलंडचं चलन) असू द्या. जर्मन बाजूला रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे पाणी-फळं शनिवारीच घेऊन ठेवा.

पाणवठा

पाऊस आला तर नाइसश्ट्रासेवरचं बरोकहाउस संग्रहालय. ते १८व्या शतकात लिननच्या एका व्यापाऱ्यानं बांधलं, म्हणजे बाबांच्याच धंद्यातल्या माणसाचं घर. तिथल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांच्याच कमानी केल्या आहेत, एकामागून एक. सोमवारी बंद असतं, तुम्ही रविवारी जाणार आहात म्हणजे अडचण नाही. लिफ्टचं आणि वेळांचं त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या.