स्टिअरिंग रॅक घरी बदलावा का? डाव्या बाजूची खडखड आणि पुढचे काम

तापीकाठचा (तालुका चोपडा) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तिचे पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असून मोटर कॉलमवर (स्टिअरिंग व्हीलखालच्या दांड्यावर) बसवलेली आहे आणि चालकासमोर एअरबॅग आहे. गेल्या पावसाळ्यापासून खडबडीत रस्त्यावर डाव्या बाजूने खडखड ऐकू येते आणि तिचा हादरा स्टिअरिंगवर हातालाही जाणवतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर मात्र काहीच आवाज नसतो. एका गॅरेजात गाडी जॅकवर न घेताच ‘रॅक (स्टिअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी आणि तिची नळी) गेला, पूर्ण बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. शेतावरच्या ट्रॅक्टरची बरीचशी दुरुस्ती मी स्वतः करतो. गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन मजबूत घोड्या माझ्याकडे आहेत, शेडमध्ये सिमेंटची पक्की जमीन आहे. हे काम स्वतः करणे शहाणपणाचे ठरेल का, आणि ट्रॅक्टरच्या अनुभवावरून कळणार नाही असे त्यात काय आहे?

भुसावळकर यांचे उत्तर:

भाऊ, आधी रॅकच गेला आहे हे सिद्ध होऊ द्या. खराब रस्त्यावरची खडखड लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंट, टाय रॉड एंड (रॅकची दांडी चाकाशी जोडणारा टोकाचा सांधा) यांपैकी कशाचीही असू शकते, आणि यातले बरेचसे भाग रॅकच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत. चाक उचलून घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तेथे खेळ (सैलपणा) जाणवला तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅक यांच्याकडे बोट जाते. बारा आणि सहाच्या जागी खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. त्यानंतर चाके जमिनीवर टेकवून, हँडब्रेक ओढून, घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग थोडेथोडे डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि आपण एकेका सांध्यावर हात ठेवून पाहा. जो सांधा झिजला आहे तो हाताला टक् असा धक्का देतो, कानापेक्षा हात लवकर ओळखतो.

आपला आवाज डावीकडूनच येतो हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला असल्यामुळे पिनियन (रॅकला सरकवणारे छोटे दातेरी चाक) रॅकच्या उजव्या टोकाशी असते, आणि डाव्या टोकाला रॅकची दांडी केवळ एका बुशच्या (आत बसवलेल्या कडीच्या) आधाराने सरकते. ते बुश झिजले की दांडी नळीत वरखाली आदळते. डावा बूट (दांडीवरचे रबरी आवरण) मागे सरकवून दांडी हाताने वरखाली ढकलून पाहिली की हे लगेच कळते. काही गाड्यांना हे बुश सुटे मिळते. मात्र बूट फाटलेला असेल आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ आत गेला असेल, तर दांडीवर गंजाचे खड्डे पडतात आणि अशा दांडीवर नवे बुश टिकत नाही. मग पूर्ण रॅकच घ्यावा. जळगाव-भुसावळच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, बुटाचे रबर तडकणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

कुणी ‘रॅकचा स्क्रू आवळून देतो, आवाज थांबेल’ असे म्हटले तर त्याला नम्रपणे नकार द्या. तो स्क्रू पिनियनपाशी रॅकला दाब देणाऱ्या तुकड्याचा असतो. तो जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि डाव्या टोकाचे झिजलेले बुश तर तसेच राहते.

धुळ्याचा गॅरेजवाला यांचे उत्तर:

तपासणीबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, म्हणून सरळ कामाकडे येतो. आपल्याकडची हत्यारे पुरेशी आहेत. फक्त टाय रॉड एंड नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या तुकड्यातून) सोडवण्यासाठी ओढून काढणारा पुलर मिळवा, कारण दुफाळी पाचर ठोकून काढले की त्याचा रबरी बूट फाटतो.

ट्रॅक्टरवर जे शिकायला मिळत नाही ते म्हणजे एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग. ही स्टिअरिंग व्हीलच्या खाली गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते आणि तिच्यातूनच एअरबॅगला वीज जाते. रॅकपासून कॉलमचा सांधा सुटल्यावर व्हील मोकळे होते, आणि कोणी सहज ते गरागरा फिरवले तर ही पट्टी आतल्या आत तुटते. म्हणून चाके अगदी सरळ करून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, किल्ली काढून व्हील लॉक करावे आणि शिवाय सीट बेल्ट व्हीलमधून ओवून बांधून ठेवावे. मुलांना त्या वेळी गाडीत बसू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी जागा त्या सांध्याचीच. पेडलजवळ पिनियनवर बसणाऱ्या सांध्याचा पिंच बोल्ट (सांधा पिनियनवर आवळून धरणारा) नुसता ढिला करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनियनवरच्या खाचेतून आडवा गेलेला असतो. काढण्यापूर्वी सांधा आणि पिनियन दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढावी. नवा रॅक बसवताना तो आधी मधोमध आणावा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियन किती फेरे फिरते ते मोजून बरोबर निम्म्यावर थांबवावे. बसवल्यावर बोल्ट खाचेतून आरपार गेला आहे याची खात्री बोटाने नव्हे, डोळ्याने, टॉर्च लावून करावी. खाच चुकवून वरवर आवळलेला सांधा चालत्या गाडीत निसटू शकतो आणि या कामातला खरा धोका हाच आहे. बाकी चुका टायर खातात, ही चूक माणूस खाऊ शकते.

टाय रॉड एंड जुनेच वापरायचे असतील तर चेक नट (टाय रॉड एंड जागी घट्ट धरणारा) सोडण्याआधी आट्यांची संख्या आणि एकूण लांबी दोन्ही लिहून ठेवा. कॅसल नट (टाय रॉड एंडचा खाचांचा नट) ठरलेल्या टॉर्कवर आवळल्यावर पिनचे भोक खाचेशी जुळले नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे कधीही सोडायचा नाही, आणि स्प्लिट पिन नवीच घालायची. रॅकच्या क्लॅम्पचे बोल्ट कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे आवळा. काही गाड्यांत रॅक बाहेर काढण्यासाठी सस्पेन्शन फ्रेम खाली उतरवावी लागते. आपल्या गाडीत तसे असेल तर मदतीला दुसरा माणूस असल्याशिवाय सुरुवात करू नका.

तापीकाठचा यांचे उत्तर:

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. डावा बूट दुमडीच्या जागी चिरलेला आहे, आत मातीचा काळा चिखल वाळून बसला आहे आणि दांडीवर नखाला लागतील असे खड्डे आहेत. म्हणजे बुशवर भागणार नाही. आता एकच अडचण उरली. आमच्या गावी अलाइनमेंटचे यंत्र नाही, जळगावला जावे लागेल. तेथपर्यंत गाडी चालवत नेणे योग्य आहे का? भंगारातला रॅक निम्म्या किमतीत मिळतो, तो घ्यावा का?

धुळ्याचा गॅरेजवाला यांचे उत्तर:

भंगारातला रॅक घेऊ नका. अपघातातल्या गाडीचा रॅक वाकलेला असला तरी वरून दिसत नाही.

अलाइनमेंटचे गणित सांगतो. टाय रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलीमीटर. नकलचा हात तेरा-चौदा सेंटीमीटर आणि १४ इंची रिम धरली तर तोच फरक रिमच्या कडेवर तीन मिलीमीटरांहून जास्त होतो, म्हणजे एका फेऱ्याच्या चुकीनेही टो (वरून पाहता पुढची चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडते. म्हणून गाडी उचलण्यापूर्वीच दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध खडूची रेघ मारून त्या रेघांमधले अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीवर, मोजून ठेवा. काम झाल्यावर गाडी जमिनीवर टेकवून चार पावले पुढेमागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसेल, आणि तीच मापे जुळवा. मापे जुळली, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत कुठेही न अडता फिरले आणि एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला, तर आधी शेताच्या रस्त्यावर सावकाश फिरवून ब्रेक आणि वळणे तपासा, सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने पाहा, आणि मग तापी ओलांडून जळगावला जायला हरकत नाही. यंत्रावर टो करताना स्टिअरिंग व्हील सरळ ठेवूनच दोन्ही बाजू सारख्या करायला सांगा. एकच बाजू फिरवून काम उरकू देऊ नका.