मदत हवी आहे : मक्यातील बुरशी लागलेल्या लष्करी अळ्या
नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या मक्याच्या पोंग्यात भाद्रपदातील झडीनंतर काही लष्करी अळ्या ताठ होऊन मेलेल्या आढळल्या. त्यांच्या अंगावर आधी पांढरी बुरशी होती आणि दोन-तीन दिवसांत तिच्यावर फिकट हिरवी भुकटी धरली. ही मेटारायझियम रिलेयी, म्हणजे अळ्यांना रोग लावून मारणारी बुरशी असावी, असा माझा अंदाज आहे. या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीवरच रुजून आत शिरतात, पोटात जावे लागत नाहीत. मात्र त्यांना दमट हवा लागते आणि कडक उन्हात ते टिकत नाहीत, हीच आपल्या खानदेशातली खरी अडचण आहे. अळ्या कागदी पाकिटात जपून ठेवल्या आहेत. बुरशीची खात्रीशीर ओळख कुठे पटवून मिळेल आणि अळ्यांवर वापरण्यासाठी शिजवलेल्या तांदळावर ती वाढवताना इतर बुरशींचा शिरकाव कसा टाळावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.