ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना कॉलमच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉलचं काय करायचं?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. आमचं ॲप ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर न्यायचंय. मायग्रेशन स्क्रिप्टने सगळी टेबलं न् कॉलम डबल कोट्समध्ये, कॅपिटलमध्येच बनवलीत. डेटा नीट आलाय पण साधी सिलेक्ट क्वेरी मारली की कॉलम नाही म्हणून एरर, आणि स्कीमात बघावं तर कॉलम समोर दिसतोय! आता प्रत्येक क्वेरीत कोट्स घालू का कॉलमच स्मॉल करू? क्वेऱ्या खूप आहेत.

उत्तर १:
कॉलम स्मॉल करा, डोळे झाकून. कोट्स नसलेलं नाव ओरॅकल स्वतःच कॅपिटल करून घेतं, एसक्यूएल स्टँडर्डही तेच सांगतं, पोस्टग्रेस मात्र स्मॉल करतं, म्हणून तुमची क्वेरी स्मॉल नाव शोधतेय आणि टेबलात कॅपिटल बसलंय. कोट्सच्या वाटेला गेलात तर उद्या रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते जन्मभर घालत बसावं लागणार. इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेसची स्वतःची टेबल-कॉलमची यादी), नाव आणि त्याचं लोअर केलेलं रूप जुळत नाही असे कॉलम काढा आणि त्यावरूनच रिनेम कॉलमच्या कमांड जनरेट करा, टेबलांच्या नावांचंही तसंच. रिनेमला डेटा हलत नाही, फक्त कॅटलॉग (डेटाबेसमधली नावांची नोंद) बदलतो, पण तेवढ्यापुरतं टेबल लॉक होतं, त्यामुळे वर्दळ नसताना चालवा.

उत्तर २:
वरच्याशी सहमत, पण रिनेमनंतर व्ह्यू (साठवून ठेवलेली, टेबलासारखी वापरता येणारी क्वेरी) आणि फंक्शन नक्की तपासा. व्ह्यू तुटत नाही, फक्त त्याच्या स्वतःच्या कॉलमचं नाव जुनंच कॅपिटल राहतं. पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर तर जसाच्या तसा साठवलेला असतो, त्यात कोट्समधलं जुनं नाव असेल तर ते चालवल्यावरच फुटतं.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद, रिनेमच करतो. ॲप नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) आहे, तिथे काही बदलावं लागेल का?

उत्तर २:
हो, आणि खरी मेख तिथेच आहे! ओरॅकलचा ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणारा भाग) ऑब्जेक्टच्या ‘की’ (key, म्हणजे इथे कॉलमची नावं) कॅपिटलमध्ये द्यायचा, आता त्या स्मॉलमध्ये येतील. जावास्क्रिप्ट चुकीच्या कीवर एरर देत नाही, गपचूप अनडिफाइन्ड देतं, म्हणजे स्क्रीनवर रकाना रिकामा आणि लॉगमध्ये काहीच नाही. जावात डेटाबेसशी बोलणाऱ्या जेडीबीसीच्या रिझल्टसेटमधून (क्वेरीच्या निकालातून) नावाने कॉलम घेताना कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही, तुमच्याकडे ती सोय नाही. कोडमध्ये कॅपिटलमधल्या ‘की’ शोधून बदला, आणि टेस्टमध्ये नुसती क्वेरी चालली एवढं न बघता व्हॅल्यू आली का तेही बघा.